गिअरबॉक्स बदलूनही गिअर सुटत असेल तर: जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपची तपासणी

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपमध्ये दुसरा गिअरबॉक्स बसवला की गाडी काही महिने नीट चालते. मग उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच टॉप गिअर सुटून दांडा न्यूट्रलमध्ये येऊ लागतो, क्लच दाबल्यावर आतून बारीक किरकिर ऐकू येते, रिव्हर्स टाकताना दात कर्रकन घासतात, आणि मालक पुन्हा तिसऱ्या बॉक्सच्या शोधात भंगार बाजाराची वाट धरतो. यावल तालुक्यातील एका केळी बागायतदाराने अशीच जीप दाखवताना आपल्या अहिराणीत एका वाक्यात सगळी तक्रार सांगितली होती: "बॉक्स बदला, तरी गिअर सुटसच." ही तक्रार जेव्हा बॉक्स बदलल्यानंतरही परत येते, तेव्हा दोष बहुधा बॉक्स ज्याला जोडला आहे त्या बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्या मधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बसण्यात असतो, आणि तो मोजल्याशिवाय कितीही बॉक्स बदलले तरी प्रत्येकाची तीच गत होते.

खानदेशात हा प्रकार जास्त दिसतो, त्याला कारण आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गावे, धडगाव-मोलगीकडच्या घाटवाटा आणि तापीकाठची काळी जमीन यांमुळे इथे जुनी जीप अजून हौसेपेक्षा कामासाठी ठेवली जाते. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच निघून गेले आहे आणि त्या जागी डिझेल इंजिन लेथवर करून घेतलेल्या जोडप्लेटवर बसवले आहे. ज्या गाड्यांत मूळचेच डिझेल आहे, उदाहरणार्थ एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचे इंजिन आणि केएमटी-९० हा चार गिअरांचा बॉक्स असलेली महिंद्राची एमएम ५४०, त्यांचे इंजिनही दोन-तीनदा उघडले गेलेले असते. दर उघडण्यात बेल हाउसिंग सुटते, आणि ते परत जागच्या जागी बसले की नाही हे सहसा कोणी पाहत नाही.

आधी कोणता दांडा हलला ते पाहा

गिअर सुटला म्हणजे मुख्य बॉक्समधूनच सुटला असे धरून चालू नये. या गाड्यांना मुख्य गिअरचा एक दांडा आणि ट्रान्सफर केसचे, म्हणजे बॉक्सकडून आलेला जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचे, एक किंवा दोन दांडे असतात. उतारावर गाडी एकदम मोकळी धावू लागली, तर शेजारी बसलेल्या माणसाने त्या क्षणी नेमका कोणता दांडा जागेवरून सरकला हे पाहून ठेवावे. मुख्य दांडा गिअरमध्येच असेल आणि ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला आला असेल, तर गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज नाही. स्पायसर १८ प्रकारच्या ट्रान्सफरमध्ये मधल्या गिअरचा शाफ्ट, त्यावरील नीडल रोलर आणि दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर झिजले की लो गिअर असाच निसटतो, आणि ती दुरुस्ती वेगळी व पुष्कळ स्वस्त आहे. इतक्या साध्या निरीक्षणाअभावी चांगले बॉक्स उतरवले जातात.

मुख्य दांडाच सुटत असेल तरी आणखी एक बाहेरची गोष्ट आधी तपासावी. इंजिनाचे फाउंडेशन रबर वर्षानुवर्षांत दबते, बॉडीचे रबर दबते, आणि दांडा जिथून वर येतो ते फ्लोअरचे भोक मग दांड्याच्या मध्यावर राहत नाही. जोर लागताच इंजिन एका बाजूला झुकते, दांडा पत्र्याच्या कडेला टेकतो आणि पत्राच त्याला गिअरमधून बाहेर ढकलतो. भोकाच्या कडेला खडू फासून चढावर एक फेरी मारली की दांड्यावर खडू उमटतो किंवा उमटत नाही, एवढ्यावर या शंकेचा निकाल लागतो. त्यानंतर बॉक्सच्या वरच्या कव्हरमधील लॉक स्प्रिंग आणि गोळ्या पाहाव्यात. स्प्रिंग तुटलेली किंवा बसकी झालेली असेल, तर नवी टाकण्यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही.

आवाजावरूनही बराच अंदाज येतो. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल आणि पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर बॉक्सच्या तोंडाशी असलेले, म्हणजे क्लच शाफ्टचे बेअरिंग संशयित आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर तो रिलीज बेअरिंगचा किंवा क्रँकच्या टोकातील पायलट बुशचा असतो. पेडल नुसते हलके टेकवताच आवाज आला तर रिलीज बेअरिंग, आणि पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावर आला तर पायलट, असा साधारण भेद करता येतो. नवा बॉक्स बसवून वर्षही झाले नसताना क्लच शाफ्टचे बेअरिंग आणि पायलट बुश ही दोन्ही ठिकाणे बोलू लागली असतील, तर हाउसिंग मोजण्याची वेळ आली आहे असे समजावे.

दोष नेमका कसा घडतो

क्लच शाफ्टला दोन आधार असतात. पुढचे टोक क्रँकमधील पायलट बुशात फिरते आणि मागची बाजू गिअरबॉक्सच्या तोंडाच्या बेअरिंगमध्ये. पहिला आधार इंजिनाचा आणि दुसरा बॉक्सचा आहे, आणि या दोघांना एका रेषेत ठेवण्याचे काम फक्त बेल हाउसिंग करते. हाउसिंगच्या मागच्या भोकाचा मध्य क्रँकच्या मध्यापासून थोडा जरी सरकला, तरी शाफ्ट तिरका राहून फिरतो आणि पुढचे टोक पायलट बुशला प्रत्येक फेऱ्यात एकाच बाजूने रेटते. टॉप गिअरमध्ये क्लच शाफ्ट आणि बॉक्समधून मागे जाणारा मेन शाफ्ट यांना स्लीव्ह, म्हणजे आतून दात असलेली सरकती कडी, थेट जोडते, त्यामुळे या तिरकेपणाचा सगळा ताण स्लीव्हच्या आणि गिअरच्या छोट्या दातांवर येतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर ते दात मिनिटाला दोन हजार वेळा किंचित मागे-पुढे घासतात. हळूहळू दातांच्या कडा उतरत्या होतात, आणि उतरत्या दातांवर उलटा जोर आला की स्लीव्ह आपोआप बाहेर सरकते. म्हणूनच गिअर चढावर धरून राहतो आणि ॲक्सिलरेटर सोडलेल्या उतारावर सुटतो. तोरणमाळचा किंवा कन्नडचा घाट उतरताना इंजिनाच्या ब्रेकवर भरवसा ठेवणाऱ्या चालकासाठी हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

बॉक्स बदलल्यावर तक्रार काही महिने थांबते, कारण दुसऱ्या बॉक्सचे दात अजून धारदार असतात. तेही झिजले की चक्र पुन्हा सुरू होते, आणि दोष "माल खराब निघाला" या नावावर खपतो. भंगारातला माल पुष्कळदा खराब असतो हे खरेच आहे, पण लागोपाठचे बॉक्स एकाच गिअरमध्ये, एकाच रीतीने खराब निघत असतील तर ते योगायोग मानणे कठीण आहे.

हाउसिंग मोजण्याची पद्धत

यासाठी मॅग्नेट स्टँडसह एक डायल गेज, म्हणजे बारीक फरक तबकडीवर दाखवणारे मापयंत्र, लागते. जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील बहुतेक लेथवर ते असते, आणि ओळखीच्या माणसाला दिवसभरासाठी मिळतेही. गिअरबॉक्स, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट काढून घ्यावी, पण बेल हाउसिंग इंजिनावर पूर्ण आवळलेलेच ठेवावे. स्टँडचा मॅग्नेट फ्लायव्हीलच्या तोंडावर चिकटवून गेजची सुई हाउसिंगच्या त्या गोल भोकाच्या आतल्या पृष्ठभागावर टेकवावी, ज्यात गिअरबॉक्सचे पुढचे कव्हर बसते. भोकाची कड आधी बारीक पॉलिश पेपरने साफ करावी, कारण तिथल्या गंजाचा एक ठिपकासुद्धा सुईला फसवतो. हीटर प्लग किंवा नोझल काढून ठेवले म्हणजे कॉम्प्रेशन अडवत नाही आणि क्रँक हाताने सावकाश फिरवता येतो.

सुई वरच्या टोकाला, म्हणजे घड्याळातील १२ च्या जागी असताना गेज शून्यावर आणावे, आणि मग ३, ६ व ९ च्या जागी आकडे लिहून घ्यावेत. जुन्या जीपसाठी एकूण फरक ०.१३ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशापर्यंत चालतो. गेज जो एकूण फरक दाखवते, त्याच्या निम्मे अंतर मध्य सरकलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

यावलच्या त्या जीपमध्ये खाली, ६ च्या जागी, सुई उणे ०.४० वर होती आणि दोन्ही बाजूंना उणे ०.१८ व उणे ०.२२. बाजूंच्या दोन आकड्यांची बेरीज वर-खालच्या दोन आकड्यांच्या बेरजेइतकी येते का हे पाहणे, ही मोजणी बरोबर झाल्याची चांगली खूण आहे, आणि इथे ती येत होती. खाली आकडा उणे आहे याचा अर्थ भोकाची खालची बाजू क्रँकपासून लांब गेली आहे, म्हणजे हाउसिंग ०.२० मिलिमीटरने खाली उतरले आहे. ते का उतरले हे बोल्ट काढताच दिसले. इंजिन व हाउसिंग यांच्या जोडावर जागा पक्की करणाऱ्या ज्या दोन डॉवेल पिना असायला हव्यात, त्यांची भोके रिकामी होती आणि आत काळी माती भरून घट्ट झाली होती. इंजिन कधीतरी बोरिंगला गेले असताना पिना निघाल्या, त्या परत बसवल्या गेल्या नाहीत, आणि तेव्हापासून हाउसिंग केवळ बोल्टांच्या ढिल्या भोकांच्या भरवशावर लटकत होते.

भोकाबरोबर हाउसिंगचे मागचे सपाट तोंडही मोजावे, कारण ते तिरके असेल तर मध्य जुळूनही शाफ्ट वाकडाच जातो. त्यासाठी सुई भोकाच्या बाहेर, तोंडावर काटकोनात टेकवावी. क्रँकला स्वतःची थोडी मागे-पुढे ढिलाई असते, म्हणून प्रत्येक आकडा घेताना क्रँक एकाच बाजूला दाबून धरावा, नाहीतर ती ढिलाईच आपण हाउसिंगचा दोष म्हणून लिहून बसतो. मर्यादा इथेही तीच.

दुरुस्ती

तोंड तिरके असेल, तर नव्वद टक्के कारण जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे, गंज किंवा बोल्टच्या भोकाभोवती उचललेली धातूची कड हेच असते, असे माझे मत आहे. ते खरवडून, सपाट दगड फिरवून परत मोजावे. जोडप्लेट घरगुती बनावटीची असेल आणि तिच्याच दोन बाजू समांतर नसतील, तर ती सरफेस ग्राइंडिंगला द्यावी. तोंडाखाली पत्र्याचे तुकडे घालून वाकडेपणा लपवण्याची पद्धत मला मान्य नाही. बोल्ट तापून ढिले होतात आणि तुकडा सरकतो.

मध्य सरकलेला असेल तर काम थोडे संयमाचे आहे. बोल्ट इतपत ढिले करावेत की हाउसिंग हाताने हलणार नाही, पण तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीच्या ठोक्याने सरकेल. सुई पाहत पाहत ते योग्य दिशेला ठोकावे, बोल्ट आवळावेत आणि पुन्हा मोजावे, कारण आवळताना हाउसिंग थोडे परत सरकते. आकडे मर्यादेत आले आणि पूर्ण आवळल्यावरही तिथेच राहिले, की डॉवेलची भोके एक माप वाढवून रीमर मारावा आणि लेथवर नेमक्या मापाच्या कडक पिना करून ठोकाव्यात. ही पायरी वगळली तर सगळी मेहनत पुढच्या खड्ड्यात जाते. बोल्ट हाउसिंगला दाबून धरतो, त्याची जागा मात्र पिनच राखते.

दुसरा बॉक्स निवडताना

हाउसिंग सुधारल्यावरही जुन्या बॉक्सचे दात परत येत नाहीत, त्यामुळे बॉक्स बदलावाच लागतो किंवा त्याच बॉक्समध्ये स्लीव्ह, गिअर आणि बेअरिंग नवे घालावे लागते. दुसरा बॉक्स आणताना लोक दात व सिंक्रोनायझर रिंगा (गिअर न घासता पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) निरखतात आणि पुढच्या कव्हरचे माप विसरतात. हाउसिंगच्या भोकात बॉक्सला मध्यावर धरतो तो हाच गोल भाग. जुन्या बॉक्सच्या कव्हरचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून तोच नव्यात आहे ना हे दुकानातच पाहावे. अर्धा मिलिमीटर लहान कव्हर सहज आत जाते, बसवणाऱ्यालाही बरे वाटते, आणि बॉक्स पुन्हा बोल्टांवर लटकतो.

क्लच शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे त्यावरील लांबट खाचा, आपल्या क्लच प्लेटमध्ये फिरवून पाहावेत, टोकाचा व्यास पायलटशी जुळवावा आणि शाफ्टची लांबीही मोजावी. हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून पायलटपर्यंतची खोली आणि बॉक्सच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी यांची तुलना केली की टोक बुशात पुरेसे शिरते आणि तळाला आपटत नाही, याची खात्री होते. टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा बॉक्स बाहेरून सारखाच दिसला तरी त्याचा मेन शाफ्ट आणि मागचे कव्हर वेगळे असते आणि ट्रान्सफर केस त्याला तशीच जोडता येत नाही. स्वस्त मिळाला म्हणून तो उचलू नये.

बसवताना

पायलट बुश दर वेळी नवाच घालावा. जुना काढण्यासाठी त्याच्या पोकळीत ग्रीस किंवा ओल्या पावाचा लगदा ठासून भरावा आणि भोकात घट्ट बसणारी गोल सळई वरून ठोकावी. मागून दाब येऊन बुश आपोआप बाहेर सरकतो, छिन्नी लावावी लागत नाही. नवा पितळी सच्छिद्र बुश बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा, आणि त्यात ग्रीस भरू नये, कारण ग्रीस त्याची सूक्ष्म छिद्रे बुजवते.

क्लच प्लेट मध्यावर आणायला जुन्या बॉक्सचा निकामी क्लच शाफ्ट हे उत्तम साधन आहे, तो भंगारात देऊ नये. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ट्रान्सफर केससह बॉक्सचे वजन दोन माणसांच्या हातावर पेलणारे नसते. शाफ्टचे टोक क्लच प्लेटमध्ये शिरले की माणसे दमून बॉक्स क्षणभर तसाच सोडतात, आणि ते सगळे वजन क्लच प्लेटच्या मधल्या हबवर येते. हब वाकतो, प्लेट डगमगत फिरते, आणि क्लच पूर्ण दाबूनही सुटत नाही. मग रिव्हर्स घासतो आणि दोष पुन्हा बॉक्सवर जातो. हे टाळण्यासाठी दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते हाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत मार्गदर्शक म्हणून लावावेत आणि बॉक्स चेन कप्पीवर किंवा जॅकवर तोलून त्यांच्यावरून सरकवावा. शेवटचे बोटभर अंतर राहिले आणि बॉक्स पुढे जात नसेल, तर बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नये. गिअर टाकून मागचा जॉइंट हाताने किंचित फिरवला की स्प्लाइन जुळतात आणि बॉक्स हाताच्या जोरावर आत बसतो. बसत नसेल तर काहीतरी अडले आहे, आणि बोल्टच्या जोराने तिथे बॉक्सचा कान तुटतो.

मागच्या क्रॉस मेंबरवरील रबर नवे टाकले असेल, तर पुढची दोन फाउंडेशन रबरेही बदलावीत. मागची बाजू उंच आणि पुढची दबलेली राहिली, तर दांडा पुन्हा पत्र्याला टेकेल.

तेल आणि पहिली चाचणी

पितळी सिंक्रोनायझर रिंगा असलेल्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ दर्जाचे ९० नंबर तेल योग्य असते. डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनसाठी येणाऱ्या जीएल-५ तेलातील गंधकयुक्त घटक पितळेला मारक ठरू शकतात, म्हणून एकाच डब्यातून सगळीकडे तेल ओतण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे तेल स्वतंत्रपणे भरावे आणि दोन्हींची पातळी लिहून ठेवावी. काही आठवड्यांनी एकाची पातळी घटून दुसऱ्याची तितकीच वाढली असेल, तर मधले ऑइल सील निकामी आहे. सील बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारे छिद्र, मात्र तपासावा. काळ्या मातीच्या चिखलात फिरणाऱ्या गाडीत तो हमखास बुजतो, आणि मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात तापलेले तेल मग कोणतेही नवे सील ढकलून बाहेर येते.

चाचणी आधी सपाट रस्त्यावर, फोर-व्हील बंद ठेवून घ्यावी. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी वळवली की पुढची-मागची चाके एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफरचा दांडा अडकून बसतो, त्याला बॉक्सचा दोष समजून पुन्हा गोंधळ होतो. मग एखादा लांब उतार निवडून, शिरपूरकरांना बिजासन घाट जवळ आहे, टॉप आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून व पुन्हा देऊन पाहावे, आणि दांड्यावर हात न ठेवता तो थरथरतो का हे बघावे. हात ठेवून चालवणाऱ्याला सुटू पाहणारा गिअर कळतच नाही.

पाचेकशे किलोमीटर झाले की तेल काढून पांढऱ्या फडक्यावर गाळावे. पिवळसर बारीक कीस थोडा असेल तर तो नव्या रिंगा बसत असल्याचा आहे. लोहचुंबकाला चिकटणारे चपटे, चकाकणारे पापुद्रे दिसले तर बेअरिंग किंवा दात जात आहेत, आणि त्या वेळी बॉक्स उतरवलाच तर हाउसिंगवर डायल गेज पुन्हा एकदा लावून पिना जागेवर टिकल्या आहेत का हे पाहून घ्यावे.